चालता चालता सतराचा पाढा

सतराचा पाढा उलटा म्हणत चालून बघा. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर नको, तिथे धड घरी पोचणं हेच पुरेसं काम असतं. घरातल्या घरात, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस... इथपर्यंत येता येता पाऊल आखूड पडायला लागतं आणि कुणाकुणाचं थांबतंच. पाढा सोडून दिला की चाल पुन्हा मोकळी होते.

पाय चालतात आणि तोंड पाढा म्हणतं, मग एकाचा दुसऱ्याला अडथळा का व्हावा? कारण दोघांनाही खर्चाला लागतं ते लक्ष, आणि ते एकाच खात्यातून निघतं. धडधाकट माणसाच्या चालण्याला या खात्यातून फार थोडं काढावं लागतं. लहानपणी शिकलेलं चालणं मेंदूने केव्हाच सवयीकडे सोपवलेलं असतं, म्हणून आपण चालता चालता भांडू शकतो, भाजीचा हिशेब करू शकतो, फोनवर नातेवाइकांची उणीदुणी काढू शकतो. पाढा अवघड जागी आला की खातं रिकामं होतं आणि पाय अडखळतात.

स्वीडनमधल्या उमेओ शहरातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक छोटं टिपण छापलं. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालताना त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या. त्यातले १२ जण उत्तर द्यायचं म्हणून चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. महागडं यंत्र नाही, स्कॅन नाही, नुसती गप्पांची चाचणी. तेव्हापासून चाल तपासताना बोलायला लावणं, तीन-तीनने उलटं मोजायला लावणं ही रीत जगभर रुळली.

मेंदूला मार बसलेल्या माणसाची अडचण समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. त्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकदमच घडतात. सवयीकडे सोपवलेली कामं पुन्हा लक्षाच्या खात्यावर येऊन पडतात: पाऊल उचलायचं, टाच टेकवायची, गुडघा सरळ ठेवायचा, सगळं आठवून करायचं. आणि नेमक्या त्याच वेळी ते खातंच आटलेलं असतं. खर्च वाढला आणि मिळकत घटली. मग असा माणूस दवाखान्याच्या गुळगुळीत मार्गिकेत फिजिओबरोबर छान चालतो, आणि घरी दाराची बेल वाजताच, ‘कोण आहे?’ असं विचारता विचारता पडतो.

पुण्यात हा विषय परका नाही. हे दुचाकींचं शहर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसल्यामुळे मेलेले, चालवणारे व मागे बसलेले मिळून, ५०,०२९. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. पुणेकराला हेल्मेटने मान दुखते, ऐकू येत नाही आणि स्वातंत्र्यावर गदा येते. असो. मेलेल्यांची गणती निदान होते. डोक्याला मार लागून वाचलेल्यांचं पुढे काय झालं, ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

डोकं आपटतं तेव्हा कवटीच्या आतला मऊ मेंदू पुढे-मागे हलतो. कपाळाच्या मागे आणि कानशिलांपाशी कवटीचा आतला तळ खडबडीत आहे, तिथे मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग घासले जातात. शिवाय झटक्याने दूर दूर पसरलेले मज्जातंतू ताणले जातात, काही तुटतात. रक्त साकळलं असेल तर ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, ताणलेले तंतू बरेचदा दिसत नाहीत. आणि घासले जाणारे भाग कुठले? बेत आखणारे, राग आवरणारे, दोन कामांत लक्ष वाटून देणारे. म्हणून अपघातातून उठलेला तरुण हातापायांनी ठणठणीत दिसतो, घरचे म्हणतात, ‘आता बरा आहे, फक्त चिडचिड वाढलीय’, आणि तो मात्र चार माणसं एकदम बोलायला लागली की खोलीतून उठून जातो. अर्धांगवायूत चित्र निराळं असतं. तिथे लुळा हात सगळ्यांना दिसतो. त्यामागचं मंदावलेलं लक्ष, डाव्या बाजूचं जग विसरणं, शब्द न सापडणं हे सारं त्या हाताच्या सावलीत झाकलं जातं.

पुनर्वसन पुण्याला नवं आहे असंही नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी सुरू झालं. खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. पण पाय गेला की तो गेलेला दिसतो, कण्याची इजा झाली की चाकाची खुर्ची दिसते. लक्ष गेलं तर त्याला खुर्ची नाही.

आता अशा पेशंटच्या घरी सकाळी काय चालतं ते बघू. डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी’ लिहिलेलं असतं, म्हणून फिजिओ येतात. पाऊण तास हात वर-खाली, बोटं उघड-मीट, पाय दुमड-सरळ. टीव्ही चालू. पेशंटची नजर मालिकेच्या सकाळच्या पुनःप्रक्षेपणावर. नर्सिंग ब्युरोची मावशी शेजारी उभी. फिजिओ गेले की मावशीच घास भरवते, मावशीच बटणं लावते, कारण तसं पटकन उरकतं. संध्याकाळी नातू येतो आणि आजोबांना मोबाइलवर मेंदूचे खेळ लावून देतो. शरीराचा व्यायाम सकाळी, मनाचा संध्याकाळी, दोघांची गाठ पडत नाही.

फिजिओंना दोष द्यायचा हेतू नाही. दुसऱ्याने हलवलेल्या हाताचे सांधे आखडत नाहीत, तेवढ्यासाठी ते लागतंच. पण मेंदू शिकतो ते स्वतः प्रयत्न केल्यावर, आणि पुष्कळदा केल्यावर. पुष्कळदा म्हणजे किती? प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूच्या नकाशात बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी हालचाली करवल्यावर. अमेरिकेत कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या पेशंटांची प्रत्यक्ष उपचारसत्रं बसून मोजली. २००९ साली त्यांनी छापलेली सरासरी अशी: एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली ३२. अशा सुसज्ज दवाखान्यांत ३२, तर टीव्ही चालू असलेल्या पाऊण तासात स्वतःहून केलेल्या हालचाली किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शरीर आणि मन एकत्र आणायचं म्हणजे काय, याबद्दल मात्र गोंधळ फार. माझ्या मते त्याचे दोन टप्पे आहेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. आधी मन हालचालीत ओतायचं असतं. पुढे तेच मन हालचालीतून काढून घ्यायचं असतं. पहिला टप्पा सगळे मान्य करतात, दुसरा बहुतेक घरांत होतच नाही.

पहिल्या टप्प्यासाठी पुण्यात फार लांब जायला नको. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला या शहरात आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत दोर, खुर्च्या, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा आधार घेऊन आसनं करवली जातात, म्हणजे दुबळं शरीरही आसनात टिकतं. त्यांच्या शिकवणीचा गाभा हा की, पायाच्या करंगळीकडचा तळवा जमिनीला टेकला आहे का, याकडेसुद्धा साधकाचं लक्ष हवं. मेंदूच्या इजेनंतर सुरुवातीला हेच हवं असतं: हालचाल थोडी, पण सगळं लक्ष तिच्यात. टीव्ही बंद. (एक इशारा इथेच देतो. पुण्यात उत्साही लोक फार, आणि शीर्षासनाने मेंदूला रक्त मिळतं अशी समजूतही जुनी. डोक्याला मार लागलेल्याने, त्यातून कवटीचा तुकडा काढून शस्त्रक्रिया झालेल्याने, डोकं खाली करणारं काहीही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायचं नाही.)

नुसतं लक्ष ओतूनही भागत नाही, हालचालीला हेतू लागतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेओन्तिएव आणि झापोरोझेत्स हाताला जखमा झालेल्या सैनिकांबरोबर काम करत होते. ‘हात जमेल तेवढा वर करा’ म्हटल्यावर सैनिकाचा हात जितका वर जायचा, त्यापेक्षा ‘त्या खुणेपर्यंत न्या’ म्हटल्यावर जास्त जायचा, आणि ‘वरची ती वस्तू काढून द्या’ म्हटल्यावर आणखी जास्त. हात तोच, जखम तीच. बदललं होतं ते काम.

ही गोष्ट आपल्याकडे एका बाईंनी फार लवकर ओळखली. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. १९५२ साली भारतातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांची संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नुकतंच स्वतंत्र झालेलं, अन्नधान्याची चणचण असलेलं राष्ट्र, आणि पुनर्वसनाच्या या शाखेत पहिल्या रांगेत. फलटणची कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा याच बाईंच्या नावाची. त्यांचा मुलगा बनबिहारी यांच्याशी पुण्याच्या लेखिका इरावती कर्व्यांची मुलगी जाई यांचं लग्न झालं, म्हणजे पुण्याशी सोयरीकही आहे.

ऑक्युपेशनल थेरपीत व्यायाम म्हणून वेगळं काही उरतच नाही, माणसाच्या जगण्यातलं कामच उपचार होतं. वाटाणे सोलणं घ्या. शेंग चिमटीत धरायची, टोक ओळखायचं, अंगठ्याने फोडायची, दाणे एका भांड्यात, सालं दुसऱ्यात, किडका दाणा बाजूला. बोटांची ताकद, नजर, निवड, क्रम आणि चिकाटी एकाच बैठकीत, आणि वर रात्रीची उसळ. पोळीची कणीक मळणं, पायजम्याची नाडी ओवणं, सदऱ्याची बटणं, दुधाचे पैसे सुट्ट्यांत मोजून देणं, सगळी याच जातीची कामं. पण आजारी माणसाला काम सांगायचं नाही ही आपली मायेची रीत, आणि ती नेमकी इथे नडते. ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ हे वाक्य मेंदूच्या पेशंटला फार महागात पडतं. आज पुण्यात गल्लोगल्ली फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत, ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र शोधावा लागतो. कमलाबाईंच्या केईएममधल्या शाळेला पाऊणशे वर्षं उलटल्यावर ही परिस्थिती लाजिरवाणी आहे, असं माझं मत.

आता दुसरा टप्पा, मन हालचालीतून काढून घ्यायचा. जोवर चालणाऱ्याचं सगळं लक्ष पायात आहे तोवर तो खोलीतच चालणार. रस्त्यावर जायचं तर पायांना पुन्हा सवयीच्या ताब्यात द्यावं लागेल, म्हणजे लक्ष रिक्षाकडे, खड्ड्याकडे, समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे देता येईल. त्यासाठी पाय चालू असताना मनाला मुद्दाम दुसरं काम देतात. यालाच दुहेरी कामाचा सराव म्हणू.

त्याची चढण हळू असावी लागते. सुरुवात बसून. पाय जमिनीवर टेकलेले, समोरच्याने चेंडू टाकायचा, झेलताना एका भाजीचं नाव घ्यायचं. मग तेच उभं राहून, पाठीमागे भिंत, बाजूला माणूस. मग सपाट जागी चालताना बोलणं. मग हातात अर्धा भरलेला पेला घेऊन चालणं. मग वळणं, उंबरा, मागे नळाचा आवाज. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची: चाल अवघड केली तर प्रश्न सोपा, प्रश्न अवघड केला तर जागा सोपी. पाऊल घासायला लागलं, अंग एका बाजूला कलायला लागलं की मनाचं काम लगेच कमी करायचं. तोल डळमळीत असलेल्या काही वृद्धांवरच्या एका छोट्या अभ्यासात असंही दिसलं की, ‘आता पाढ्याकडे जास्त लक्ष, आता पावलाकडे जास्त’ अशी अदलाबदल करवली, तर दोन्हीकडे सारखंच लक्ष द्यायला सांगण्यापेक्षा फायदा जास्त होतो. पटण्यासारखं आहे. आयुष्यात लक्ष असंच इकडून तिकडे न्यावं लागतं.

आणि एक गोष्ट घरच्यांना माहीत असायला हवी. तोल जायला लागला की निरोगी मेंदू बोलणं सोडून पाय सांभाळतो. इजा झालेला मेंदू प्रत्येक वेळी हा शहाणपणा दाखवेल याचा भरवसा नाही. पार्किन्सन्सच्या पेशंटांत तर उलट आढळलं आहे: गप्पा चालू राहतात आणि पाय दुर्लक्षित होतात. म्हणून हा सराव पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर, आणि कमरेला धरायला पट्टा बांधून. एकट्याने, गच्चीवर, यूट्यूब बघून तर मुळीच नाही.

मनाचं काम कुठलं द्यायचं, याला पुण्यात सामानाची टंचाई नाही. जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ असते. त्यांना सरळ म्हणणं हे कामच वाटणार नाही, उलटी म्हणायला लावा. आजींना पुरणपोळीची कृती शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा. रिक्षा चालवणाऱ्याला स्वारगेटपासून शिवाजीनगरपर्यंतचे चौक, जाताना आणि मग येताना. पुण्यात सातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत: एक वार सोडून एक पेठ सांगा, आणि प्रत्येक पेठेतली एक खूण. गावांच्या नावांच्या भेंड्या लावा. बोलणंच गेलेलं असेल तर शब्दांचा आग्रह धरू नका. लाल रुमाल दिसला की टाळी, निळा दिसला की नाही, हेही तितकंच चांगलं काम आहे. ज्याचं आयुष्य ज्यात गेलं त्यातलं काम द्यावं. कीर्तनकाराला सात-सात वजा करायला लावून काय मिळणार?

आपल्या जुन्या खेळांत ही दुहेरी कामं आयती बसवलेली आहेत. मंगळागौरीचा झिम्मा म्हणजे गाण्याचे शब्द, टाळीचा ठेका, पावलांची दिशा आणि समोरचीच्या हाताचा अंदाज, सगळं एकदम. सागरगोट्यांत एक वर उडालेला आणि खालचे उचलायचे, वर मोजणी चालू. लेझीम तशीच. दर वर्षी आषाढी वारीच्या पालख्यांबरोबर पुण्यातून जाणारे वारकरी टाळ वाजवत, अभंग म्हणत पावली खेळतात, तेही पाय, हात आणि स्मरणाचं एकत्र कामच. पेशंटने फुगडी घालावी असं कुणी म्हणणार नाही. पण खुर्चीत बसून टिपऱ्या, किंवा पावलीचा अगदी संथ ठेका, हे करता येतं. ठेक्याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेत मायकल थाउट यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की, ठरावीक लयीचा आवाज ऐकवला तर पक्षाघातानंतर लंगडणाऱ्यांची पावलं अधिक समान पडतात आणि वेगही वाढतो.

याच्या जवळचा एक प्रयोग पुण्यात प्रत्यक्ष झाला आहे, पार्किन्सन्सच्या पेशंटांसाठी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ साली असे वर्ग सुरू केले होते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या सभासदांसाठी नृत्यवर्ग चालवले. पार्किन्सन्स ही इजा नव्हे, तो हळूहळू वाढणारा आजार आहे, हा फरक विसरू नये. पण साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी पावलांचा क्रम लक्षात ठेवून, संगीत ऐकत, शेजाऱ्याकडे बघत हालतात, तेव्हा तिथे शरीराचा व्यायाम कुठे संपतो आणि मनाचा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. शिवाय लोक येतात, आवडीने येतात. दर आठवड्याला घराबाहेर पडायला लावणारा उपचार मला तरी मोठा वाटतो.

पुरावा किती भक्कम? दुहेरी कामाच्या सरावाने दुहेरी काम सुधारतं. चालता चालता मोजण्याचा सराव केलेला माणूस चालता चालता मोजायला शिकतो. त्याने रोजच्या जगण्यातलं सगळंच सुधारतं असा दावा कुणी केला तर सावध राहावं. म्हणूनच सराव शक्य तितका खऱ्या कामासारखा हवा.

मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांना तर हा नियम जास्तच लागू पडतो. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या, ११,४३० जणांवरच्या अभ्यासात बहुतेकांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. खेळात ते तरबेज झाले, पण ज्यांचा सराव केला नव्हता त्या कामांत फायदा जवळजवळ दिसला नाही. हे लोक निरोगी होते, हे खरं. पण २०१६ साली ‘लुमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकी सरकारी आयोगाशी २० लाख डॉलर्सची तडजोड करावी लागली, त्याचं कारण हेच. आजोबांना खेळ आवडत असेल तर खेळू द्यावा. त्याला उपचार समजू नये.

साध्या घाम काढणाऱ्या व्यायामाची बाजू याहून बरी आहे. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर केलेल्या प्रयोगात वर्षभर नियमित झपझप चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. तुलनेसाठी नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो आकसला. कॅनडात व्हँकूव्हरला पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या १२० जणांपैकी एका गटाला व्यायाम दिला, एका गटाला बौद्धिक आणि सामाजिक उपक्रम. सहा महिन्यांनी स्मरण-विचारांच्या चाचणीत सुधारणा दिसली ती व्यायामाच्या गटात. म्हणजे बुद्धीसाठी निव्वळ बुद्धीचा व्यायाम पुरत नाही, घामही लागतो.

मग लवकर सुरू करावं आणि भरपूर करावं, असं वाटेल. तिथे एक ठेच लागलेली आहे. ‘अवर्ट’ नावाच्या, पाच देशांतल्या २,१०४ पेशंटांवरच्या प्रयोगात पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच पेशंटांना वारंवार उठवून हालचाल करवली. २०१५ साली निकाल आला: तीन महिन्यांनंतर त्यांची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा किंचित वाईटच. डोक्याला हलका मार लागलेल्यांच्या बाबतीत चूक नेमकी उलट होत होती, त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. २०१९ साली १०३ किशोरवयीन खेळाडूंवरच्या प्रयोगात, त्रास वाढणार नाही इतपत हलका धावण्या-चालण्याचा व्यायाम सुरुवातीच्या दिवसांतच दिला, तर मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम दिलेल्यांना १७ दिवस लागले. केव्हा आणि किती, हे इजेवर ठरतं, शेजारच्या काकांच्या अनुभवावर नव्हे.

थकव्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण घरोघरी भांडणं त्यावरूनच होतात. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा झोपून लगेच जात नाही आणि तो दिसतही नाही. अर्धा तास लक्ष देऊन काम केलेला माणूस एकदम कोरा होतो, चिडतो, शब्द विसरतो. घरच्यांना तो आळस वाटतो. अशा माणसासाठी दुहेरी कामाचा सराव दिवसाच्या ताज्या वेळी, दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत आणि मध्ये शांत विसावा देऊन करावा. उदासपणा फार असेल, झटके येत असतील, तर आधी त्यांचे उपचार.

फिनिअस गेजची गोष्ट मेंदूवरच्या प्रत्येक पुस्तकात असते. सप्टेंबर १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सुरुंगाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण स्वभाव बिघडला, शिवराळ आणि बेभरवशाचा झाला, असं सांगून गोष्ट थांबते. पुढचं फार कमी जण सांगतात. हा माणूस १८५२ साली चिलीला गेला आणि तिथे सुमारे सात वर्षं घोडागाडी हाकत होता. अनेक घोड्यांची गाडी, प्रत्येकाचा लगाम वेगळा, डोंगराळ रस्ता, उतारू, ठरलेल्या वेळा. हातांना आणि डोक्याला एकदम गुंतवणारं, दररोज त्याच क्रमाने होणारं काम. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचं म्हणणं असं की, या शिस्तीच्या कामानेच गेज बराचसा सावरला असावा. दीडशे वर्षांनंतर हे सिद्ध करणं अवघड आहे. पण पहारीपेक्षा गोष्टीचा हा उत्तरार्ध आपल्या पेशंटांना जास्त उपयोगी आहे.

पुण्यातला तरुण पेशंट सावरला की त्याचा पहिला प्रश्न असतो, गाडी कधी चालवू? दुचाकी चालवणं हे दुहेरी नव्हे, दसपट काम आहे: तोल, ब्रेक, आरसा, सिग्नल, उलट्या बाजूने येणारा. खोलीत चालता चालता बोलताना अडखळणाऱ्याने किल्लीला हात लावू नये, आणि हा निर्णय घरच्यांनी भावनेच्या भरात नव्हे, न्यूरॉलॉजिस्टने तपासून घ्यावा.

कायद्याची बाजूही लंगडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यात अपघाताने झालेली मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. हात लुळा असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळतं. लक्ष आणि विवेक गेलेल्या, पण चालत्या-फिरत्या माणसाला मात्र आपली अडचण दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात बसवावी लागते.

ज्यांच्या घरी आज असा पेशंट आहे, त्यांच्यासाठी एक सांगणं. डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव मागा. लक्ष आणि स्मरण यांची तपासणी कोण आणि कधी करणार ते विचारा. बोलण्यात अडचण असेल तर स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी घ्या. आणि फिजिओंना विचारा की, चालता चालता बोलायला लावायचं केव्हापासून. हे सगळं बिल भरण्याआधी विचारा. नंतर त्या काउंटरवर तुमच्यासाठी कुणालाही वेळ नसतो.